वाऱ्याशी भांडण : दोन एअरो सायकली आणि एक हिशोब

आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये ज्या सायकली उभ्या असतात, त्या सगळ्या एकत्र विकल्या तरी या लेखातली एक सायकल येणार नाही. मग असल्या सायकलीवर कॉलेजच्या मासिकात लेख कशाला? संपादक मंडळानेही मला हेच विचारलं. उत्तर सोपं आहे. आपण सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्स शिकतो, ड्रॅग कोइफिशंटची डेरिव्हेशन्स पाठ करतो, पेपर देतो आणि विसरतो. पण त्याच दोन-तीन फॉर्म्युल्यांवर एखाद्या माणसाचे कित्येक लाख रुपये योग्य जागी जातात की वाया जातात हे ठरत असेल, तर ते फॉर्म्युले पुन्हा उघडून बघायला काय हरकत आहे?

तो माणूस म्हणजे आमच्या डिपार्टमेंटचा एक सिनियर. नोकरीला लागून पाच वर्षं झाली. कॉलेजात असल्यापासून सायकलवेडा. पाच वर्षं पैसे साठवले, घरच्यांना "एवढ्यात चारचाकी आली असती" या वाक्यासकट कसंबसं पटवलं आणि आता त्याच्यापुढे दोन नावं आहेत. एक सर्व्हेलो एस-५, दुसरी स्पेशलाइज्ड टारमॅक एसएल-८. दोन्ही कार्बनच्या, दोन्ही हवा कापणाऱ्या, दोन्ही जगातल्या मोठ्या शर्यतींत धावलेल्या. वरच्या मॉडेलची किंमत अमेरिकेतच दहा हजार डॉलरच्या पुढे. आपल्याकडे येईपर्यंत त्यावर कर वगैरे आलेच. त्याने मला फोन करून विचारलं, "तुझं फ्लुइड अजून ताजं आहे, तूच सांग कुठली घेऊ." अशी खरेदी तो आयुष्यात एकदाच करणार आहे. म्हणून फोनवर "ही घे" म्हणून मोकळं होण्यापेक्षा मी कागद घेऊन बसलो. हा लेख म्हणजे तो कागद.

आधी शत्रू कोण ते पाहू

सपाट रस्त्यावर सायकल चालवताना आपण मुख्यतः दोन गोष्टींशी झगडतो. एक, टायरचं रस्त्याशी होणारं रोलिंग रेझिस्टन्स. दोन, हवा. (चेन आणि बेअरिंगमध्ये थोडं जातं, ते सध्या सोडून देऊ.) रोलिंगचा विरोध वेगाबरोबर फारसा बदलत नाही. त्यामुळे त्यासाठी लागणारी पॉवर वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि पॉवर काढताना वेगाने आणखी एकदा गुणायचं, म्हणजे पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात! हे सगळ्यांना पाठ असतं. आता त्यात आकडे घालू.

स्वार, सायकल, पाण्याच्या बाटल्या सगळं मिळून ८० किलो. हवेची घनता १.२. ड्रॅग कोइफिशंट आणि समोरचं क्षेत्रफळ यांचा गुणाकार, ज्याला सायकलवाले ‘सीडीए’ म्हणतात, तो ०.३० चौरस मीटर. रोलिंगचा कोइफिशंट ०.००५. आता उत्तरं बघा :

ताशी २० किमी वेगाला हवेसाठी ३१ वॅट, टायरसाठी २२ वॅट.
ताशी ३० किमी वेगाला हवेसाठी १०४ वॅट, टायरसाठी ३३ वॅट.
ताशी ४० किमी वेगाला हवेसाठी २४७ वॅट, टायरसाठी ४४ वॅट.
ताशी ४५ किमी वेगाला हवेसाठी ३५२ वॅट, टायरसाठी ४९ वॅट.

म्हणजे कॉलेजच्या गेटपासून टपरीपर्यंत जाताना हवा आणि टायर जवळपास बरोबरीत असतात, पण तिशी ओलांडली की हवा एकटीच तीन-चतुर्थांश ताकद खाते. ज्याला वेग हवा, त्याला हवेशी तडजोड करावीच लागते.

याचं सर्वात गाजलेलं उदाहरण १९८९ च्या टूर द फ्रान्सचं. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस अशी २४.५ किमीची टाइम ट्रायल होती. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड फ्रान्सच्या लॉरां फिन्योंपेक्षा ५० सेकंद मागे होता. एवढ्या छोट्या अंतरात ५० सेकंद भरून काढणं अशक्य, असंच सगळे धरून चालले होते. लेमाँडने पुढे हात लांब करून ठेवता येतील असे ट्रायथलॉनवाले हँडलबार लावले आणि निमुळतं हेल्मेट घातलं. फिन्यों मात्र साध्या हँडलबारवर, हेल्मेटशिवाय, केसांची पोनीटेल हवेत उडवत गेला. निकाल : लेमाँड त्या दिवशी ५८ सेकंदांनी पुढे, आणि ३,२०० किमीहून मोठी शर्यत ८ सेकंदांनी जिंकला. त्या दिवसानंतर सायकलीच्या दुनियेत हवेचा विषय कुणी थट्टेवारी नेला नाही.

नळी गोल असली तर काय बिघडलं?

जुन्या स्टीलच्या सायकलीची नळी गोल असते. बनवायला सोपी, सगळ्या बाजूंनी सारखी मजबूत. पण हवेच्या दृष्टीने गोल नळी म्हणजे आपत्ती. हवा पुढून दोन्ही बाजूंना वळते, पण मागे पुन्हा जुळून येऊ शकत नाही. प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो (तेच आपलं बाउंड्री लेअर सेपरेशन!) आणि नळीच्या मागे कमी दाबाचा, भोवऱ्यांनी भरलेला पट्टा तयार होतो. पुढे जास्त दाब, मागे कमी दाब, म्हणजे नळी सतत मागे ओढली जाते. पाण्याच्या थेंबासारखा किंवा विमानाच्या पंखासारखा आकार दिला की हवा मागे हळूहळू जुळून येते आणि ओढ एकदम कमी होते. फ्लुइडच्या पुस्तकात एक चित्र असतं, बारीकशी गोल तार आणि तिच्याहून कितीतरी पट जाड पंखाकृती, आणि दोघांचा ड्रॅग सारखा. ते चित्र म्हणजे एअरो सायकलीचं सगळं तत्त्वज्ञान.

मग सरळ पंखाच्या आकाराच्या नळ्या का नाही करत? दोन कारणं. एक, शर्यतींचे नियम. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने (यूसीआय) नळीची लांबी तिच्या रुंदीच्या तिपटीपेक्षा जास्त नको असं बरीच वर्षं बंधन घातलं होतं. पुढे ते सैल झालं. दोन, लांब शेपटीची नळी जड होते आणि बाजूने वारा आला की शिडासारखी ढकलली जाते. यावर तोडगा १९३० च्या दशकातल्या मोटारींवरून आला. जर्मनीत वुनिबाल्ड कॅम नावाच्या इंजिनिअरने दाखवलं, की थेंबाच्या आकाराची शेपूट योग्य जागी सरळ कापून टाकली तरी हवेला ती शेपूट आहे असंच बऱ्यापैकी वाटतं. फायदा जवळजवळ तेवढाच, लांबी आणि वजन कमी. आजच्या एअरो सायकलीची नळी हातात धरून पाहिली तर पुढे गोलसर आणि मागे कापल्यासारखी सपाट लागते. तीच ही ‘कॅम टेल’.

आणि असले आकार कार्बनमध्येच का? कारण कार्बन फायबरचा कपडा साच्यात हवा तसा घालता येतो. कुठे चार थर, कुठे आठ, कुठे धागे लांबीच्या दिशेने, कुठे ४५ अंशांत. टोरे या जपानी कंपनीच्या टी-७०० या सर्रास वापरल्या जाणाऱ्या धाग्याचा मॉड्युलस २३० गिगापास्कल आहे, म्हणजे स्टीलपेक्षा थोडा जास्तच. आणि घनता स्टीलच्या पाव भागाहूनही कमी. रेझिन मिसळल्यावर हे आकडे खाली येतात, तरीही वजनाच्या मानाने मिळणारा कडकपणा धातूंना झेपत नाही. बारीक, लांबट नळी बाजूने लवचिक होते. ती उणीव थरांची मांडणी बदलून भरून काढता येते.

दोन उमेदवार, दोन विचार

सर्व्हेलो ही कंपनी १९९५ साली कॅनडात जेरार्ड व्रूमेन आणि फिल व्हाइट या दोन इंजिनिअरांनी सुरू केली. रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीला एअरो आकार देण्याचा हट्ट या कंपनीने फार लवकर धरला. २००३ पासून डेन्मार्कचा सीएससी संघ त्यांच्या सायकलींवर धावू लागला तेव्हा बाकीच्यांचं लक्ष गेलं. एस-५ पहिल्यांदा आली २०११ साली. पुढे २०२२ साली आलेल्या पिढीत नियम सैल झाल्याचा फायदा घेऊन पुढची नळी आणखी खोल केली. ओळखायची खूण म्हणजे तिचा व्ही आकाराचा स्टेम : मधे भोक, दोन्ही बाजूंनी दोन फाटे हँडलबारला जाऊन मिळतात. योनास व्हिंगेगार्डने २०२२ आणि २०२३ ची टूर द फ्रान्स जिंकली तेव्हा त्याचा संघ सपाट टप्प्यांसाठी एस-५ आणि मोठ्या डोंगरांसाठी हलकी आर-५ वापरत असे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

स्पेशलाइज्डची गोष्ट उलट्या दिशेने जाते. त्यांनीही २०११ साली मॅक्लारेन या मोटार रेसिंगवाल्या कंपनीबरोबर ‘वेन्ज’ नावाची शुद्ध एअरो सायकल काढली. त्याच वर्षी मॅथ्यू गॉसने मिलान-सान रेमो आणि मार्क कॅव्हेंडिशने जागतिक अजिंक्यपद तिच्यावर जिंकलं. २०१३ साली त्यांनी कॅलिफोर्नियात स्वतःचा विंड टनेल बांधला. आणि एवढं सगळं करून २०२० मध्ये वेन्ज बंद केली! कारण टारमॅक एसएल-७ ही हलकी सायकल त्यांनी एवढी एअरो केली, की दोन वेगळ्या सायकली ठेवण्यात अर्थ उरला नाही. २०२३ साली तिची पुढची आवृत्ती एसएल-८ आली. विचार असा, की स्वच्छ हवा जिथे प्रथम आदळते तिथेच आकाराला महत्त्व द्यायचं : पुढची नळी (तिला चक्क नाकासारखा उंचवटा आहे), हँडलबार, सीटपोस्ट. चाकामागे आणि पायांमध्ये हवा आधीच घुसळलेली असते, तिथे वजन वाचवायचं. वरच्या मॉडेलची ५६ नंबरची फ्रेम ६८५ ग्रॅम असल्याचं कंपनी सांगते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रेम्को एव्हनपूलने रोड रेसचं सुवर्ण याच सायकलीवर घेतलं.

पूर्ण सायकलीच्या वजनात दोघींमध्ये साधारण पाऊण ते एक किलोचा फरक पडतो. (शर्यतीत ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल चालत नाही. हा नियम २००० सालापासूनचा.) म्हणजे प्रश्न असा झाला : जास्त एअरो आणि थोडी जड, की थोडी कमी एअरो आणि हलकी?

आता खरा हिशोब

समजा एस-५ ताशी ४५ किमी वेगाला १० वॅट वाचवते. मी मुद्दामच मोठा आकडा धरलाय, कारण आजच्या चांगल्या एअरो सायकलींत एवढाही फरक बहुधा नसतो. वजनाचा फरक ०.८ किलो धरू. आमचा सिनियर २०० वॅट बराच वेळ टिकवू शकतो, पण सकाळी ग्रुपमध्ये नसताना एकटा सपाटीवर साधारण ताशी ३० ने जातो.

पहिला धक्का : १० वॅट हे ४५ च्या वेगाचे. वेग ३० वर आला की (३०/४५) चा घन, म्हणजे सुमारे ०.३. दहाचे झाले तीन वॅट! जाहिरातीत जो आकडा छापलेला असतो तो पट्टीच्या रेसरच्या वेगाला मोजलेला असतो. आपल्या वेगाला त्याचा तिसरा हिस्साही उरत नाही.

दुसरा धक्का मात्र उलट दिशेने बसतो. ४० किमी सपाट अंतर घ्या. ४५ ने जाणारा रेसर ५३ मिनिटांत पोचतो, आणि दहा वॅट वाचल्याने त्याचे सुमारे २९ सेकंद वाचतात. ३० ने जाणारा आमचा सिनियर ८० मिनिटं घेतो, आणि तीन वॅट वाचल्याने त्याचे सुमारे ४२ सेकंद वाचतात! म्हणजे वॅट कमी वाचले तरी सेकंद जास्त. कारण तो रस्त्यावर जास्त वेळ असतो आणि दोघांचा वेग टक्केवारीत जवळपास सारखाच, सुमारे ०.९ टक्के, वाढतो. ‘एअरो सायकल फक्त प्रोंसाठी’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट खरं आहे. शर्यतीत २९ सेकंदांना पदक मिळतं, रविवारच्या राइडला ४२ सेकंदांना कुणी विचारत नाही, एवढाच काय तो फरक.

आता घाट. ९ किमी लांबीचा आणि ६०० मीटर उंची चढणारा रस्ता धरा. सिंहगडाचा घाट याच जातीतला आहे. ८० किलो घेऊन २०० वॅटने चढायला साधारण ४४ मिनिटं लागतात, म्हणजे वेग ताशी बारा किमीच्या आसपास. इथे ०.८ किलो कमी असतील तर सुमारे २५ सेकंद वाचतात. आणि एअरोचा फायदा? जेमतेम ३ सेकंद. म्हणजे घाटात हलकी सायकल २२ सेकंदांनी पुढे.

दोन्ही एकत्र करा. सपाटीवर दर ४० किमीला एस-५ पाऊण मिनिटाच्या आत पुढे. प्रत्येक सिंहगडाला टारमॅक वीस-बावीस सेकंद पुढे. उतरताना एस-५ थोडं परत मिळवेल, पण आपल्या घाटातल्या वळणांवर आणि खड्ड्यांत उतरताना वेग ब्रेक ठरवतो, हवा नाही. थोडक्यात, दोन घाट आणि मधला सपाट रस्ता अशी रविवारची राइड झाली तर दोघी जवळपास एकत्रच घरी पोचतात. एवढा खटाटोप करून बरोबरी! व्हिंगेगार्डच्या संघाने दोन वेगळ्या सायकली का ठेवल्या होत्या तेही आता कळलं असेल. त्यांना टप्प्यागणिक सायकल बदलता येते, आमच्या सिनियरला एकच घ्यायची आहे.

आणखी एक मुद्दा बाजूच्या वाऱ्याचा. ताशी ३० ने जाताना बाजूने १० किमीचा वारा असेल तर सायकलला वारा समोरून न लागता सुमारे १८ अंशांच्या तिरक्या कोनातून लागतो. ४५ ने जाणाऱ्याला तोच वारा साडेबारा अंशांतून लागतो. म्हणजे हळू जाणाऱ्याच्या फ्रेमला आणि खोल रिमच्या चाकांना वारा जास्त तिरका लागतो. असा वारा कधी शिडासारखी मदत करतो, तर कधी हलक्या वजनाच्या स्वाराला मोकळ्या माळावर चांगलाच हलवतो. ट्रक शेजारून गेल्यावर काय होतं ते हायवेवर चालवणाऱ्यांना सांगायला नको.

विंड टनेलमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी

इथपर्यंत बरोबरी झाली, म्हणजे निर्णय दुसऱ्याच गोष्टींवर होणार. त्या मला जास्त महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, स्वार स्वतः. सायकल आणि स्वार मिळून जो ड्रॅग होतो त्यातला साधारण तीन-चतुर्थांश किंवा जास्त वाटा शरीराचा असतो. कोपर वाकवून, डोकं खाली घेऊन बसलं आणि सीडीए ०.०३ ने कमी झाला, तर ३० च्या वेगाला १० वॅट वाचतात. म्हणजे एस-५ च्या फायद्याच्या तिप्पट, तेही फुकट! पण असं दोन तास बसता आलं पाहिजे. आमच्या सिनियरची कंबर ऑफिसातल्या खुर्चीने आधीच धरलेली आहे. सायकल इतकी खाली वाकवणारी असेल की त्याला दर दहा मिनिटांनी उठून बसावं लागतं, तर लाखांची फ्रेम खाली आणि वर शिडासारखी उभी छाती, असं होईल. म्हणून फ्रेमचा ‘स्टॅक’ (पेडलच्या धुरीपासून पुढच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उंची) आणि ‘रीच’ (त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर) हे दोन आकडे आधी पाहायचे, मग रंग.

दुसरी, बदल करण्याची सोय. एस-५ चा व्ही स्टेम तिचा तिलाच. बाजारातला साधा स्टेम तिला बसत नाही. लांबी बदलायची तर त्याच कंपनीचा दुसरा भाग मागवायचा, पैसे भरायचे, वाट बघायची. टारमॅकची पुढची दांडी गोल आहे आणि खालच्या मॉडेल्सवर हँडलबार आणि स्टेम वेगवेगळे येतात. कंबर कुरकुरली तर एक सेंटीमीटर आखूड स्टेम लावून संध्याकाळपर्यंत सायकल तयार. ज्याचं फिटिंग अजून पक्कं ठरलेलं नाही त्याच्यासाठी हा फरक दहा वॅटपेक्षा मोठा आहे.

तिसरी, पावसाळा. या सायकलींत ब्रेकच्या नळ्या बाहेर दिसत नाहीत, त्या हेडसेटच्या बेअरिंगमधून फ्रेममध्ये उतरतात. दिसायला एकदम झकास! पण वरून पडणारं पाणी आणि अंगातला घामही तिथेच उतरतो. जुन्या सायकलीचं हेडसेट बेअरिंग बदलणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. इथे वरचं बेअरिंग बदलायचं तर बहुतेक वेळा हायड्रॉलिक नळी सोडवावी लागते, मग ब्रेक पुन्हा ब्लीड करायचा. कोकणात किंवा घाटमाथ्यावर चार महिने चालवणाऱ्याने हा खर्च दर वर्षी धरावा. आणि आपल्या गावात हे काम येणारा मेकॅनिक आहे का, हे सायकल बुक करण्याआधी विचारावं.

चौथी, कार्बनचा स्वभाव. आपण टेन्साइल टेस्टमध्ये माइल्ड स्टीलचा तुकडा ओढतो तेव्हा तो यील्ड होतो, लांबतो, मग तुटतो. म्हणजे आधी सूचना देतो. कार्बन कंपोझिटमध्ये ती मधली पायरी नसते. धडक बसली तर आतले थर सुटतात, वरचा रंग मात्र तसाच चकचकीत. नाण्याने ठोकून आवाज बदलतो का ते बघतात, पण त्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही; शंका असेल तर अल्ट्रासाउंड तपासणीच करावी. मोठ्या कंपन्यांकडूनही गोष्टी सुटतात. मार्च २०२१ मध्ये ल सामिन शर्यतीत मॅथ्यू व्हॅन डर पूलचा हँडलबार चालू शर्यतीत तुटला आणि त्यानंतर कॅनयन कंपनीने आपल्या एअरोड सायकलीच्या मालकांना ती चालवणं थांबवा असं कळवलं. त्यामुळे बोल्ट ‘हाताच्या अंदाजाने’ घट्ट करायचे दिवस गेले. टॉर्क रेंच घ्यायचा आणि नळीवर छापलेला न्यूटन-मीटरचा आकडा पाळायचा. सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावं, कारण फ्रेमची लांबलचक वॉरंटी साधारणपणे पहिल्या मालकालाच मिळते.

पाचवी, टायर. एस-५ मध्ये ३४ मिमी, टारमॅकमध्ये ३२ मिमी रुंदीपर्यंतचे टायर बसतात. आपल्या रस्त्यांना दोन्ही पुरेसे. पण आकडा बघा : चांगल्या टायरने रोलिंगचा कोइफिशंट ०.००५ वरून ०.००४ वर आला, तर ३० च्या वेगाला साडेसहा वॅट वाचतात. फ्रेमने वाचवलेल्या तीन वॅटच्या दुप्पट, आणि खर्च काही हजारांत.

मग कुठली?

मी सिनियरला दिलेलं उत्तर असं. तू आठवड्यातून एकदा घाट चढतोस, शर्यत वर्षातून एखादी, तीही ग्रुपमध्ये. ग्रुपमध्ये पुढच्याच्या आडोशाला हवेचा विरोध आधीच बराच कमी होतो, तेव्हा फ्रेमचा फायदा आणखी आटतो. फिटिंग अजून बदलत राहणार आहे. म्हणून टारमॅक घे. पण सगळ्यात वरचं मॉडेल घेऊ नकोस. एसएल-८ च्या खालच्या मॉडेल्सची फ्रेमसुद्धा त्याच आकाराची असते, फक्त धागा वेगळ्या दर्जाचा असतो आणि फ्रेम सुमारे शंभर ग्रॅम जड. हवेला धाग्याचा दर्जा कळत नाही, तिला आकार कळतो! आणि शंभर ग्रॅमचे सिंहगडावर तीन सेकंद होतात. जे लाख-दोन लाख वाचतील त्यात आधी चांगल्या फिटरकडून बाइक फिट, मग टायर, मग चाकं, आणि उरलेले बँकेत.

हेच उत्तर सगळ्यांना लागू नाही. कुणी सोलापूर-लातूरच्या सपाट, वाऱ्याच्या मुलखात एकट्याने लांब चालवत असेल, त्याचं फिटिंग वर्षानुवर्षं पक्कं असेल आणि वाकून बसायची सवय असेल, तर हाच कागद त्याला एस-५ घे असं सांगेल. दोनशे किमीच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. तिथे दोन्हीपेक्षा आरामशीर बसता येणारी, जाड टायरची सायकल शहाणपणाची. सायकल निवडण्याआधी आपला रस्ता, आपला वेग आणि आपली कंबर, या तीन गोष्टी लिहून काढाव्यात. बाकी कॅल्क्युलेटर सांगतो.

आणि हॉस्टेलवाल्यांनो, तुमच्या माझ्या सायकलीलाही हेच नियम लागू आहेत बरं का. हवेत फडफडणारा शर्ट बदला, पाठीवरची सॅक मागच्या कॅरिअरला बांधा, सीटची उंची नीट करा, चेनला तेल घाला, टायरमध्ये पुरेशी हवा भरा. एवढ्यात जितके वॅट वाचतील तितके कुठल्याही फ्रेमने वाचणार नाहीत. पंप वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये आहे, वापरून झाल्यावर जागेवर ठेवा.